नवा लॅपटॉप आणला, आता फॉरमॅट मारायचा का?

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. कळंब तालुक्यातल्या माझ्या मामेभावाचा फोन आला. तो गावात आपले सरकार सेवा केंद्र चालवतो. सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, अंगठा लावून पैसे काढणं, सगळं त्याच्याच टेबलावर. अतिवृष्टीच्या अनुदानाची ई-केवायसी चालू होती, दारात रांग होती, आणि जुना लॅपटॉप नेमका तेव्हाच बसला होता.

"ताई, नवा लॅपटॉप आणलाय. इथं सगळे म्हणायलेत, आधी फॉरमॅट मारून घे, मग वापर. मारू का?"

घरात 'ताई कॉम्प्युटरात पीएचडी करते' एवढंच माहीत असल्याने प्रिंटरपासून टीव्हीच्या रिमोटपर्यंत सगळे प्रश्न माझ्याकडे येतात. हा प्रश्न मात्र खरोखर माझ्या विषयातला निघाला. मी सॉफ्टवेअरच्या पुरवठा साखळीवर काम करते. म्हणजे एखादा प्रोग्राम लिहिणाऱ्यापासून वापरणाऱ्यापर्यंत पोचताना कुणाकुणाच्या हातून जातो, आणि वाटेत त्यात काय मिसळलं जाऊ शकतं, याचा अभ्यास.

मी त्याला 'हो'ही म्हटलं नाही आणि 'नाही'ही म्हटलं नाही. उलट विचारलं, "त्यात विंडोज कुणी टाकली? कंपनीनं का दुकानदारानं?"

तो जरा थांबला. "तेवढं नाही विचारलं."

आजचा लेख त्या 'तेवढं'बद्दल आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ला नेहमीचे अपडेट देणं थांबवलं. त्यामुळे बरीच घरं, दुकानं, शाळा नवी मशिनं घेत आहेत. तुम्हीही घेतलं असेल तर पेनड्राइव्ह लावायच्या आधी हे वाचा.

मशीन नवं, पण हात किती लागले?

'नवीन' या शब्दाने आपली फसगत होते. खोक्यावरचं सील तुमच्यासमोर फोडलं तरी आतल्या डिस्कवर कुणीतरी आधीच काहीतरी लिहून ठेवलेलं असतं. लिहिणारे हात साधारण तीन:

पहिला, दुकानदाराचा. दुसरा, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीचा. तिसरा हात डिस्कवर नसतोच. तो मदरबोर्डवरच्या छोट्या चिपमध्ये असतो, जिला आपण बायोस म्हणतो. आजकाल तिथे जे असतं त्याला यूईएफआय म्हणतात, पण बोलताना बायोसच चालतं.

फॉरमॅट मारून ऑपरेटिंग सिस्टिम नव्याने टाकली की यातला एक हात पूर्ण पुसला जातो, दुसरा बराचसा पुसला जातो, आणि तिसऱ्याला धक्काही लागत नाही. म्हणून 'फॉरमॅट मारू का' या प्रश्नाचं उत्तर 'तुम्हाला कुठल्या हाताची शंका आहे' यावर ठरतं. एकेक बघू.

पहिला हात: दुकानदार

आपल्याकडे एकाच मॉडेलचे लॅपटॉप बऱ्याचदा दोन प्रकारात मिळतात. एक विंडोजसकट, दुसरा 'डॉस'वाला. डॉसवाला काही हजारांनी स्वस्त असतो, कारण त्यात विंडोजचा परवानाच नसतो. सुरू केला की काळ्या पडद्यावर दोन ओळी दिसतात, बस. मग दुकानदार म्हणतो, "काळजी करू नका, विंडोज टाकून देतो, ऑफिसपण टाकतो, फ्री."

हे 'फ्री' येतं ते दुकानातल्या पेनड्राइव्हवरून. तो पेनड्राइव्ह कुठून भरला, हे बहुतेक वेळा दुकानदारालाही सांगता येत नाही. त्याच्या मनात काही वाईट असतं असं नाही. गिऱ्हाईक परत जाऊ नये एवढाच त्याचा हेतू असतो. पण त्या विंडोजला परवाना नसल्याने ती चालवायला एक 'ॲक्टिव्हेटर' लागतो. म्हणजे विंडोजला 'परवाना आहे' असं खोटं सांगणारा छोटा प्रोग्राम. तो विंडोजच्या पोटात शिरून काम करतो, म्हणून त्याला सर्वाधिकार द्यावे लागतात. अँटिव्हायरस त्याला पकडतो, म्हणून आधी अँटिव्हायरस बंद करावा लागतो किंवा 'या फोल्डरकडे बघू नकोस' अशी सूट द्यावी लागते.

आता तुम्हीच बघा. अनोळखी माणसाने लिहिलेला प्रोग्राम, त्याला घराच्या सगळ्या किल्ल्या, आणि राखणदाराला सांगितलंय की याच्याकडे पाठ करून बस. त्या प्रोग्रामने प्रामाणिकपणे फक्त ॲक्टिव्हेशनच केलं तर ती त्याची मेहेरबानी.

ही नुसती भीती नाही. २०११ मध्ये मायक्रोसॉफ्टच्या तपासनिसांनी चीनमधल्या वेगवेगळ्या शहरांतल्या बाजारांतून २० नवे कॉम्प्युटर विकत घेतले. त्यातल्या ४ मध्ये पहिल्या दिवसापासून व्हायरस होता. एकामध्ये 'निटॉल' नावाचा प्रोग्राम होता, जो मशीन सुरू होताच बाहेरच्या मालकाला हजेरी द्यायला लागला. हे प्रकरण पुढे अमेरिकेतल्या कोर्टात गेलं आणि सप्टेंबर २०१२ मध्ये निटॉलचं जाळं तोडण्यात आलं. व्हायरस कारखान्यात शिरला नव्हता, कारखाना आणि गिऱ्हाईक यांच्या मधल्या वाटेवर शिरला होता.

२०१८ मध्ये मायक्रोसॉफ्टने असाच प्रयोग आशियात केला. भारतासह नऊ ठिकाणांहून १६६ नवे कॉम्प्युटर घेतले. त्यातल्या ८३ टक्क्यांमध्ये चोरटं सॉफ्टवेअर होतं, आणि अशा चोरट्या सॉफ्टवेअरवाल्या मशिनांपैकी ८४ टक्क्यांमध्ये काही ना काही मालवेअर सापडलं.

आकडे मोठे आहेत, पण संशोधनाची सवय म्हणून दोन गोष्टी सांगते. एक, हा अभ्यास विंडोज विकणाऱ्या कंपनीनेच केलेला आहे. दोन, खरेदी मुद्दाम अशा दुकानांतून केली होती जिथे भाव खूप कमी होते आणि सॉफ्टवेअर फुकट मिळत होतं. म्हणून 'आपल्याकडचे ८३ टक्के लॅपटॉप असे असतात' असा अर्थ काढू नका. 'अशा दुकानातून अशा पद्धतीने घेतला तर धोका खूप मोठा आहे' एवढाच अर्थ काढा. आपल्या कामाला तेवढा पुरतो.

तुमच्या मशीनवर दुकानदाराचा हात लागलाय का?

हे पाच मिनिटांत तपासता येतं.

सगळ्यात आधी बिल बघा. बिलावर किंवा खोक्यावर 'डॉस' किंवा 'विदाउट ओएस' लिहिलं असेल आणि लॅपटॉप उघडल्यावर विंडोज दिसत असेल, तर ती दुकानात टाकलेली आहे. पुढचं तपासायची फारशी गरजच नाही.

मग सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि त्यात ॲक्टिव्हेशन उघडा. कंपनीतून आलेल्या विंडोजवर 'डिजिटल लायसन्स'ने ॲक्टिव्हेट झाल्याचं लिहिलेलं असतं. तिथे 'तुमच्या संस्थेच्या ॲक्टिव्हेशन सर्व्हिस'चा उल्लेख असेल तर स्वतःला विचारा, माझी कुठली संस्था? मोठ्या कंपन्या आणि विद्यापीठं ही पद्धत वापरतात. घरच्या लॅपटॉपवर हे दिसलं तर बहुधा ॲक्टिव्हेटरचं काम आहे.

तिथेच आवृत्ती बघा. भारतात घरगुती लॅपटॉपवर बहुतेक वेळा 'होम सिंगल लँग्वेज' किंवा 'होम' येते. स्वस्तातल्या लॅपटॉपवर 'प्रो' किंवा 'एंटरप्राइझ' दिसली तर भुवया उंचवा.

शेवटी विंडोज सिक्युरिटी उघडा. व्हायरस संरक्षणाच्या सेटिंगमध्ये खाली 'एक्सक्लूजन्स' म्हणजे सूट दिलेल्यांची यादी असते. नव्या मशीनवर ती रिकामी असायला हवी.

भावाने हे सगळं फोनवर माझ्याशी बोलत बोलत केलं. बिलावर डॉस. आवृत्ती प्रो. ॲक्टिव्हेशन कुठल्यातरी 'संस्थे'कडून. आणि सूट दिलेल्यांच्या यादीत एक फोल्डर, ज्याचं नाव त्याने कधी ऐकलेलं नव्हतं.

तो फोल्डर काही चोरत होता का? ते मला माहीत नाही. फोनवरून सिद्ध करता येण्यासारखं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर गरजही नव्हती. या लॅपटॉपवर उद्यापासून गावातल्या घराघराचं आधार कार्ड, पासबुक आणि सातबारा स्कॅन होणार होता. अशा ठिकाणी 'दोष सिद्ध होईपर्यंत निर्दोष' हा न्याय सॉफ्टवेअरला लावायचा नसतो. विश्वास ठेवायला कारण नसेल तर ठेवायचा नाही, एवढंच. रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीला हा प्रश्न विचारताच येत नाही की तुमच्या लॅपटॉपवर विंडोज कुणी टाकली. तिच्या वतीने तो आपणच विचारायला हवा.

निकाल सरळ आहे. दुकानदाराने विंडोज टाकली असेल तर नव्याने टाकायचीच. डिस्कवरचं सगळं पुसून.

दुसरा हात: कंपनी

समजा तुम्ही विंडोजसकट लॅपटॉप घेतलाय, सील तुम्हीच फोडलंय. मग काय?

कंपनीच्या विंडोजबरोबर चाचणी मुदतीचा अँटिव्हायरस, एकदोन गेम, 'सहाय्यक', 'अपडेटर' अशी न मागितलेली मंडळी येतात. यांना ब्लोटवेअर म्हणतात. बहुतेक जण फक्त जागा आणि वेग खातात, पण अपवाद घडलेत, आणि त्यातला एक आमच्या क्षेत्रात सगळ्यांना पाठ असतो.

२०१४ च्या शेवटच्या महिन्यांत लेनोवोच्या काही घरगुती लॅपटॉपवर 'सुपरफिश' नावाचा प्रोग्राम कारखान्यातूनच येत होता. तुम्ही बघता त्या वेबपेजमध्ये जाहिराती घुसवणं हे त्याचं काम. पण बँकेसारख्या साइटशी होणारं बोलणं कुलूपबंद असतं, त्यात मधल्या कुणाला काही घुसवता येत नाही. म्हणून सुपरफिशने लॅपटॉपमध्ये स्वतःचं एक 'रूट सर्टिफिकेट' बसवलं.

रूट सर्टिफिकेट म्हणजे तहसील कचेरीच्या शिक्क्यासारखं समजा. दाखल्यावर तो शिक्का दिसला की बँक पुढची चौकशी करत नाही. तसंच, ज्याचं रूट सर्टिफिकेट तुमच्या लॅपटॉपमध्ये आहे, त्याने 'ही साइट खरी आहे' म्हटलं की ब्राउझर मान डोलावतो. आता कुणी त्या शिक्क्याची नक्कल करून प्रत्येक घराच्या ड्रॉवरमध्ये एकेक ठेवून दिली तर? सुपरफिशने अगदी तेच केलं होतं. सगळ्या लॅपटॉपवर एकच सर्टिफिकेट, आणि त्याची गुप्त चावीही त्याच लॅपटॉपवर. फेब्रुवारी २०१५ मध्ये हे उघड झालं आणि रॉबर्ट ग्रॅहम या संशोधकाने काही तासांत त्या चावीचा पासवर्ड शोधून काढला. तो होता 'कोमोडिया', म्हणजे हे तंत्र बनवणाऱ्या कंपनीचंच नाव! त्या क्षणापासून स्टेशनवरच्या फुकट वायफायवर बसलेला कुणीही अशा लॅपटॉपपुढे खोटी बँक खरी म्हणून उभी करू शकत होता.

यातला आपल्या कामाचा तपशील असा: सुपरफिश प्रोग्राम नेहमीच्या पद्धतीने अनइन्स्टॉल केला तरी सर्टिफिकेट मागे राहायचं. भाडेकरू गेला, पण किल्ली त्याच्याकडेच राहिली, असं. विंडोजच्या डिफेंडरने पुढे दोन्ही काढून टाकलं. पण ज्याने मायक्रोसॉफ्टकडची स्वच्छ विंडोज सुरुवातीलाच टाकली होती, त्याला या भानगडीची झळच लागली नाही.

मे २०१६ मध्ये ड्युओ सिक्युरिटी या संस्थेच्या संशोधकांनी एसर, असुस, डेल, एचपी आणि लेनोवो या पाच कंपन्यांच्या नव्या लॅपटॉपमधले 'अपडेटर' तपासले. एकूण १२ त्रुटी सापडल्या. पाचही कंपन्यांकडे निदान एक तरी अशी त्रुटी होती, जिच्यातून नेटवर्कवर मध्ये बसलेल्या माणसाला मशीनचा पूर्ण ताबा घेता आला असता. यात कुणाचा वाईट हेतू नव्हता. अपडेट आणताना ते खरंच कंपनीकडून आलंय का, हे काही जण नीट तपासतच नव्हते.

मग कंपनीची विंडोजही पुसायची का? इथे माझं उत्तर मवाळ आहे. वरच्या प्रकरणांनंतर कंपन्यांवर दबाव आला. लेनोवोला २०१७ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाबरोबर समझोता करावा लागला आणि आधीच भरलेल्या सॉफ्टवेअरसाठी सुरक्षेचा कार्यक्रम राबवायचं बंधन घ्यावं लागलं. आज सील फोडून घेतलेल्या घरगुती लॅपटॉपवर नको ती सॉफ्टवेअर काढून टाकणं, विंडोज अपडेट पूर्ण करणं आणि डिफेंडर चालू ठेवणं बहुतेकांना पुरेसं आहे. नव्याने विंडोज टाकली तर फायदा आहे, पण त्याची किंमतही आहे. ती पुढे सांगते.

तिसरा हात: बायोस

आता ज्याच्यामुळे 'फॉरमॅट मारला की सगळं साफ' हा समज कोसळतो, ते.

२०१५ च्या उन्हाळ्यात एक प्रकार उजेडात आला. लेनोवोच्या काही लॅपटॉपवर डिस्क पूर्ण पुसून मूळ विंडोज नव्याने टाकली तरी कंपनीचा प्रोग्राम परत हजर होत होता. आला कुठून? डिस्कवर तर काहीच नव्हतं. तो बायोसमध्ये बसलेला होता, आणि विंडोज सुरू झाली की तिच्या हातात स्वतःची प्रत ठेवत होता.

विंडोजमध्ये यासाठी रीतसर दार आहे. विंडोज ८ पासून मायक्रोसॉफ्टने अशी सोय ठेवली की बोर्ड बनवणारी कंपनी चिपमध्ये एक छोटा प्रोग्राम ठेवू शकते आणि विंडोज सुरू होताना तो चालवते. चोरीला गेलेला लॅपटॉप शोधणारं सॉफ्टवेअर फॉरमॅट मारूनही टिकावं, असा त्यामागचा हेतू. हेतू चांगला, पण एकदा दार ठेवलं की त्यातून कोण येईल हे दाराला ठरवता येत नाही. लेनोवोच्या त्या प्रोग्राममध्ये सुरक्षेची त्रुटीही निघाली, आणि कंपनीने ३१ जुलै २०१५ पासून तो काढून टाकणारे बायोस अपडेट दिले.

हे दार गुन्हेगारांनाही माहीत आहे. सप्टेंबर २०१८ मध्ये ईसेट कंपनीच्या संशोधकांनी 'लोजॅक्स' नावाचा, बायोसच्या चिपमध्ये घर करणारा मालवेअर प्रत्यक्ष हल्ल्यात वापरला गेल्याचं दाखवलं. तो काही सरकारी संस्थांवर रोखलेला होता. तुमच्या-माझ्या लॅपटॉपवर असं काही असण्याची शक्यता फार कमी आहे, त्यामुळे यासाठी झोप घालवू नका. फक्त लक्षात ठेवा, बायोसवर फॉरमॅटचा काहीच परिणाम होत नाही. त्यासाठी कंपनीच्या अधिकृत साइटवरून बायोस अपडेट करायचं आणि 'सिक्युअर बूट' चालू ठेवायचं. तुमच्या हातात एवढंच आहे, आणि ते पुरेसं आहे.

फॉरमॅट म्हणजे गंगास्नान नव्हे

१९८४ मध्ये केन थॉम्पसन यांचं एक छोटं भाषण छापून आलं. युनिक्स बनवणाऱ्यांपैकी ते एक, आणि हे भाषण त्यांना मिळालेल्या ट्युरिंग पुरस्काराच्या निमित्ताने दिलेलं. त्यांनी दाखवलं, की प्रोग्रामचा मजकूर ओळ न ओळ तपासला तरी, तो प्रोग्राम तयार करणारं साधन म्हणजे कंपायलरच बिघडवलेला असेल, तर चोरदार आत शिरतंच, आणि मजकुरात ते कुठेही दिसत नाही. माझ्या पीएचडीचं मूळ एका अर्थी या तीन पानी लेखात आहे.

त्यातून निघणारी गोष्ट आपल्या प्रश्नाला थेट लागू होते. नव्याने विंडोज टाकली म्हणजे मशीन 'शुद्ध' झालं असं नाही. तुम्ही फक्त विश्वास एका हातातून काढून दुसऱ्याच्या हातात दिलात. मग खरा प्रश्न हा: आता कुणाच्या हातात दिलात?

म्हणून गावात सर्रास घडणारी एक गोष्ट मला सगळ्यात जास्त खटकते. माणूस कंपनीची, परवान्याची, चांगली चालणारी विंडोज असलेला लॅपटॉप घेतो. कुणीतरी सांगतं 'फॉरमॅट मारून घे, फास्ट चालेल.' तो चौकातल्या दुकानात जातो, दोनतीनशे रुपये देतो, आणि दुकानदार त्याच पेनड्राइव्हवरून क्रॅक विंडोज टाकतो. पैसे देऊन परवाना घालवला आणि अनोळखी प्रोग्राम घरात घेतला. यापेक्षा काहीच केलं नसतं तर बरं!

हाच नियम 'रिसेट'लाही लागू. विंडोजमध्ये 'रिसेट धिस पीसी' असा पर्याय असतो. त्यात 'लोकल रीइन्स्टॉल' निवडलं तर विंडोज त्याच डिस्कवरच्या फायलींतून स्वतःला पुन्हा उभी करते. दुकानदाराने टाकलेल्या विंडोजवर हे करणं म्हणजे मळक्या पाण्याने भांडी विसळणं. कंपनीच्या विंडोजवर हे चालतं, पण कंपनीची न मागितलेली मंडळी परत येऊ शकतात.

विश्वासाचा हात त्यातल्या त्यात एकच: मायक्रोसॉफ्टची अधिकृत साइट (लिनक्स टाकणार असाल तर त्या लिनक्सची अधिकृत साइट). तिथून मीडिया क्रिएशन टूल घ्या, ८ जीबी किंवा मोठा पेनड्राइव्ह लावा, आणि तो दुसऱ्या, विश्वासातल्या मशीनवर तयार करा. संशयित लॅपटॉपवरच बनवलेल्या पेनड्राइव्हवर पुन्हा तोच संशय येतो.

नव्याने टाकण्याची किंमत

आता न सांगितल्या जाणाऱ्या अडचणी. या माहीत नसल्याने लोक अर्ध्या वाटेत अडकतात आणि शेवटी चौकातल्या दुकानातच जातात.

*डेटा.* विंडोज ११ ची फाइल पाच जीबीच्या वर आहे. दिवसाला दीड-दोन जीबीचं रिचार्ज असेल तर ती एका दिवसात उतरत नाही. फायबर असलेल्या मित्राचं घर गाठा.

*परवाना.* विंडोजसकट घेतलेल्या लॅपटॉपची की बायोसमध्येच साठवलेली असते. तीच आवृत्ती टाकली की इंटरनेट मिळताच ती आपोआप ॲक्टिव्हेट होते, कुठे काही टाइप करावं लागत नाही. डॉसवाल्यात अशी की नसते.

*ऑफिस.* लॅपटॉपबरोबर ऑफिस आलं असेल तर पुसायच्या आधी ते उघडून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडून घ्या. मग ते कधीही परत उतरवता येतं.

*डिस्क दिसतच नाही.* इंटेलच्या अकराव्या पिढीपासूनच्या बऱ्याच लॅपटॉपवर विंडोज टाकताना 'कुठे टाकू' ही यादी रिकामी येते. डिस्क बिघडलेली नसते. इंटेलचा स्टोरेज ड्रायव्हर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून आधीच पेनड्राइव्हवर घेऊन ठेवा आणि 'लोड ड्रायव्हर' म्हणून दाखवा.

*वायफाय.* नव्या विंडोजला कधी कधी वायफाय ओळखता येत नाही, आणि पुढे जायला तर ती इंटरनेट मागते. मोबाईल केबलने जोडून यूएसबी टेदरिंग चालू करा, किंवा वायफायचा ड्रायव्हरही आधीच घेऊन ठेवा.

*एन्क्रिप्शनची की.* विंडोज ११ च्या नव्या आवृत्त्या मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केल्यावर डिस्क आपोआप कुलूपबंद करतात. रिकव्हरी की त्या खात्यात जमा असते. खात्याचा पासवर्ड दुकानदाराने बनवलेला आणि त्यालाच माहीत, असं होऊ देऊ नका.

*सेवा केंद्रवाल्यांसाठी खास.* अंगठ्याचं यंत्र, डिजिटल सहीचा डोंगल आणि प्रिंटर, तिघांचेही ड्रायव्हर त्या-त्या उत्पादकाच्या साइटवरून आधीच उतरवून ठेवा. लिनक्सचा विचार असेल तर ही यंत्रं त्यावर चालतात का, हे आधी तपासा. नुसतं ब्राउझर, टायपिंग आणि मुलांचा अभ्यास एवढंच काम असेल तर लिनक्स हा फुकट आणि सरळ मार्ग आहे.

मग निर्णय काय?

दुकानदाराने विंडोज टाकली असेल: पुसा आणि नव्याने टाका, अधिकृत साइटवरून. यात दुसरा विचार नाही.

कंपनीची विंडोज आहे, सील तुम्हीच फोडलंय, आणि मशीन घरच्या कामासाठी आहे: पुसायची सक्ती नाही. नको ते काढा, अपडेट पूर्ण करा, बायोस अपडेट करा. हौस आणि वेळ असेल तर नव्याने टाका, वरची यादी हाताशी ठेवून.

कंपनीची विंडोज आहे, पण मशीनवर दुसऱ्यांची कागदपत्रं किंवा पैसे हाताळणार आहात: एक दिवस काढून नव्याने टाका. कामाला लागल्यावर तो दिवस परत मिळत नाही.

आणि कुठल्याही परिस्थितीत क्रॅक विंडोज 'फास्ट चालेल' म्हणून टाकून घेऊ नका.

डॉसवाल्यांची अडचण मला कळते. विंडोज होमचा परवाना वेगळा घ्यायचा तर दहा हजारांच्या आसपास जातो. यावर एक तांत्रिक सत्य सांगते, सल्ला म्हणून नाही. अधिकृत साइटवरची विंडोज ॲक्टिव्हेट न करताही सुरू होते, कोपऱ्यात पुसट अक्षरं दिसतात, आणि सुरक्षेचे अपडेट येत राहतात. परवाना घेणं हे तुमचं देणं आहेच. पण पैसे जमेपर्यंत ॲक्टिव्हेटर बसवणं हा त्यावरचा उपाय नाही. ॲक्टिव्हेटर नसलेली विंडोज फक्त अपुरी दिसते. ॲक्टिव्हेटर असलेली पुरी दिसते, आणि धोका त्या दिसण्यातच आहे.

भावाने एक दिवस केंद्र बंद ठेवलं. रांगेतल्यांची बोलणी खाल्ली. कळंबला मित्राच्या घरी जाऊन पेनड्राइव्ह तयार केला, मी फोनवर होते. डिस्कवरची सगळी पार्टिशनं एकेक करून डिलीट केली, तेव्हा त्याचा आवाज जरा कापरा झाला होता. संध्याकाळपर्यंत विंडोज, अंगठ्याचं यंत्र, प्रिंटर, सगळं लागलं. परवाना त्याने पुढच्या महिन्यात घेतला.

"म्हणजे ताई," तो म्हणाला, "स्वस्तातला लॅपटॉप महागालाच पडला की."

पडलाच. विंडोजवाला आणि डॉसवाला यांच्या भावात जो फरक होता, त्याहून जास्तच गेले. दुकानात उभं असताना 'यात विंडोज कंपनीची आहे का' एवढं विचारलं असतं तर वाचले असते.

तुम्ही अजून घ्यायचे असाल तर तेवढं विचारा. आणि सील स्वतःच्या हाताने फोडा.